उतारवयांतील मध्यम पल्ल्याच्या शर्यती

आपल्याकडे साठी उलटलेल्या गृहस्थानें सकाळीं काठी घेऊन बागेंत चार फेऱ्या घातल्या, तर घरांतील मंडळी संतोष पावतात. तोच गृहस्थ खिळ्यांचे बूट चढवून, हातांत घड्याळ घेऊन, आंखलेल्या मैदानावर वेगानें धांवूं लागला, तर मात्र सूनबाई डॉक्टरांना बोलावण्याच्या विचारांत पडतात आणि शेजारी आपसांत हंसतात. चालणें हें आरोग्य, धांवणें ही एक वेळ हौस, पण शर्यत लावणें हा म्हातारपणींचा पोरकटपणा, अशी आपली साधारण वाटणी आहे. जगांतील पुष्कळ देशांत, आणि आतां आपल्या देशांतहि, पस्तिशीपासून नव्वदीपर्यंतचीं माणसें रीतसर वयोगट पाडून मैदानी शर्यतींत उतरतात. त्यांपैकीं ८०० व १५०० मीटर या मध्यम पल्ल्याच्या शर्यतींविषयीं आज बोलावयाचें योजिलें आहे. वय माणसापासून काय काढून घेतें आणि काय शिल्लक ठेवतें, याचा हिशेब या दोन शर्यतींत जितका स्वच्छ मांडलेला दिसतो, तितका अन्यत्र मला तरी आढळला नाहीं.

या चळवळीचा इतिहास फार जुना नाहीं. अमेरिकेंत सॅन डिएगो शहरीं डेव्हिड पेन नांवाचे एक वकील होते. चाळिशी उलटलेल्यांसाठीं एक मैलाची स्वतंत्र शर्यत असावी, ही कल्पना त्यांनीं १९६० नंतरच्या दशकांत उचलून धरली व तिला 'मास्टर्स माइल' असें नांव दिलें. १९६८ सालीं त्याच शहरांत अशा प्रौढांची पहिली अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धा भरली. १९७५ सालीं कॅनडांतील टोरांटो येथें पहिली जागतिक स्पर्धा झाली. १९७७ सालीं स्वीडनमधील गोथेनबर्ग येथें दुसरी झाली, आणि तेथेंच या खेळाची जागतिक संस्था स्थापन झाली. २०२४ सालीं ही जागतिक स्पर्धा पुन्हां त्याच गोथेनबर्गला भरली होती. पूर्वीं या मंडळींना 'व्हेटरन' म्हणत. आतां 'मास्टर्स' हें नांव रूढ झालें आहे. आमच्या पिढीला 'मास्तर' म्हटलें कीं फळा आणि छडी आठवते. ती पदवी मीं छत्तीस वर्षें बाळगली असल्यामुळें हें नामसादृश्य मला गोड वाटतें, एवढेंच. येथें त्या शब्दाचा अर्थ वयानें मुरलेला स्पर्धक असा आहे. पुरुष व स्त्रिया या दोघांनाहि आज पस्तिसाव्या वर्षापासून प्रवेश मिळतो, आणि पुढें दर पांच वर्षांचा एक गट पाडतात. जिंकणाऱ्यास पदक मिळतें, पैसा मिळत नाहीं. प्रवासखर्च, प्रवेशाची फी, बूट, सर्व कांहीं बहुधा पदरचें. हौशी खेळाडू हा शब्द या मंडळींना अक्षरशः लागू पडतो.

आतां मध्यम पल्लाच कां, तें सांगतों. रीतसर आंखलेल्या धांवपट्टीचा एक फेरा ४०० मीटरांचा असतो. ८०० मीटर म्हणजे दोन फेरे आणि १५०० मीटर म्हणजे पावणेचार फेरे. स्नायूंना शक्ति पुरविण्याचे शरीराजवळ मुख्यतः दोन मार्ग आहेत. एक, श्वासावाटें आलेल्या प्राणवायूच्या साह्यानें इंधन जाळणें. हा मार्ग सावकाश, पण टिकाऊ. दुसरा, प्राणवायूची वाट न पाहतां स्नायूंतील शर्करा घाईनें फोडणें. हा मार्ग जलद, पण अल्पजीवी, आणि त्यामुळें स्नायूंत आम्लता सांचत जाते. संसारी माणसाला समजेल असें सांगावयाचें, तर पहिला मार्ग म्हणजे दरमहाचा पगार आणि दुसरा म्हणजे सावकाराकडची उसनवारी. शंभर मीटर धांवणारा जवळजवळ सगळा उसनवारीवर जगतो, मॅरेथॉन धांवणारा पगारावर. मध्यम पल्ल्याच्या धांवपटूला दोन्ही खातीं एकदम चालवावीं लागतात. कसलेल्या धांवपटूंच्या बाबतींत ८०० मीटरला सुमारें दोन तृतीयांश शक्ति पगारांतून व एक तृतीयांश उसनवारींतून येते. १५०० मीटरला उसनवारीचा हिस्सा सुमारें एक षष्ठांशावर उतरतो. आणि सावकार कोठें गांठतो, हें ज्यानें एकदां ८०० मीटर जिवाच्या करारानें धांवून पाहिलें आहे, त्याला सांगावयास नको. शेवटच्या शंभर मीटरांत पाय शिशाचे होतात, गुडघा उचलत नाहीं, खांदे कानांकडे चढूं लागतात आणि दमसांस पार तुटतो.

वयाचा घाला पडतो तो या दोन्ही खात्यांवर. प्रथम हृदयाचें पाहूं. तरुणपणीं जोराचे श्रम करतांना नाडीचे ठोके जितके वर चढूं शकतात, तितके पुढें चढत नाहींत. यासाठीं एक सोपें सूत्र शास्त्रज्ञ देतात: २०८ या संख्येंतून आपल्या वयाच्या सात दशांश वजा करावे. वीस वर्षांच्या मुलाचे १९४, साठीच्या गृहस्थाचे १६६. हें सरासरीचें गणित आहे. एकेका माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज सांपडतो. ठोके कमी, म्हणून एका मिनिटांत फिरणारें रक्त कमी, म्हणून स्नायूंना पोंचणारा प्राणवायु कमी. बैठ्या माणसाची प्राणवायु वापरण्याची कमाल शक्ति तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण शेंकडा दहानें घटते. जो नेटानें धांवत राहतो त्याची घट बरीच कमी, कित्येकांत सुमारें निम्मी, असते. पण ती थांबत नाहीं. पगार कमी होतो तो असा.

दुसऱ्या खात्याची गोष्ट स्नायूंची. स्नायूंत कांहीं तंतू मंद पण चिकाटीचे असतात, कांहीं चपळ पण लवकर थकणारे. वयानुसार झडतात व बारीक होतात ते विशेषतः हे चपळ तंतू. त्याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. वृद्ध धांवपटूचीं पावलें मिनिटाला जवळजवळ तरुणाइतकींच पडतात. पण प्रत्येक पावलानें कापलेलें अंतर मात्र कमी झालेलें असतें. लांबून पाहणाऱ्याला वाटतें, आजोबांची लय तर बिघडलेली नाहीं, मग हे मागें कां पडतात? लय तीच असते, ढांग आखूड झालेली असते. त्यांत पोटरी आणि टांचेमागची धोंडशीर यांच्या तक्रारी वाढतात, आणि तरुणपणीं चार दिवसांत बरें होणारें दुखणें पुढें चार आठवडे घेतें.

हें सर्व ऐकून कोणी म्हणेल, मग राहिलें काय? याचें उत्तर न्यूझीलंडमधील एका मेंढपाळ शेतकऱ्याच्या उदाहरणानें देतों. डेरेक टर्नबुल हे त्यांचें नांव. जन्म १९२६ चा. देशाच्या दक्षिण टोंकाला साउथलंड प्रांतांत त्यांची शेती होती आणि धांवणें बहुतेक त्याच शेतांतून व आसपासच्या रानांतून चाले. १९९२ सालीं, वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, त्यांनीं ट्रॅकवरील शर्यतींपासून मॅरेथॉनपर्यंत आपल्या वयोगटाचे जागतिक विक्रम एकामागून एक उलथून टाकले. १५०० मीटर त्यांनीं ४ मिनिटें ३९.८७ सेकंदांत कापले. लंडनची मॅरेथॉन २ तास ४१ मिनिटें ५७ सेकंदांत.

आतां थोडें गणित. जुनी खोड आहे, क्षमा असावी. १९९२ च्या आरंभीं खुल्या गटांतील जागतिक विक्रम १५०० मीटरला ३ मिनिटें २९.४६ सेकंद होता आणि मॅरेथॉनचा २ तास ६ मिनिटें ५० सेकंद. त्यांच्याशीं तुलना केली, तर टर्नबुल यांचा वेग मॅरेथॉनमध्यें जगांतील सर्वोत्तम वेगाच्या शेंकडा ७८ भरतो, आणि १५०० मीटरला शेंकडा ७५. एका माणसावरून नियम ठरत नाहीं हें खरें. परंतु दोन्ही खात्यांवर विसंबणारी शर्यत वृद्धाला अधिक जड जावी, हें वर सांगितलेल्या शरीरधर्माशीं जुळतें. मला मात्र त्या तीन टक्क्यांच्या फरकापेक्षां ते ७५ टक्केच अधिक मोलाचे वाटतात. आपण साठीनंतरच्या माणसाला मनांतल्या मनांत पन्नास टक्केहि देत नाहीं. रस्त्यानें भाजीची पिशवी घेऊन चाललेल्या निवृत्त कारकुनाकडे पाहून 'हा आपल्या ऐन तारुण्याच्या तीन चतुर्थांश वेगानें पळूं शकेल' असा विचार कोणाच्या डोक्यांत येईल? प्रत्येक जण टर्नबुल नव्हे, हेंहि खरें. पण मनुष्यदेहाची सीमा कोठें आहे एवढें तरी या आंकड्यांवरून कळतें, आणि आपण ती फारच अलीकडे आंखून ठेवली आहे हेंहि कळतें.

घट किती संथ असूं शकते हें पाहावयाचें असेल, तर कॅनडाचे अर्ल फी यांच्या दोन वेळा शेजारीं ठेवून पाहाव्यात. हे गृहस्थ पेशानें अणुशक्तीच्या क्षेत्रांतील इंजिनिअर; तरुणपणीं धांवणें सोडलें होतें, तें पन्नाशी उलटल्यावर पुन्हां धरलें. पासष्टाव्या वर्षीं त्यांनीं ८०० मीटर २ मिनिटें १४.३३ सेकंदांत काढले आणि सत्तराव्या वर्षीं, १९९९ सालीं, २ मिनिटें २०.५२ सेकंदांत. पांच वर्षांत सहा सेकंदांचा तोटा. वर्षाला एक टक्काहि नाहीं! पुढें पंचाहत्तरी-ऐंशीनंतर उतार अधिक तीव्र होतो, हें सर्वच वयोगटांच्या आंकड्यांवरून दिसतें.

वयोगट पाडले तरी पासष्ट आणि एकोणसत्तर यांत अन्याय उरतोच. त्यावर या मंडळींनीं वय-प्रमाणाचें एक कोष्टक तयार केलें आहे. प्रत्येक अंतरासाठीं, प्रत्येक वयाला, उत्कृष्ट धांवपटूची अपेक्षित वेळ किती, तें त्यांत दिलेलें असतें. आपली वेळ त्याच्याशीं ताडून टक्के काढावयाचे. ९० च्या वर गेलेला जागतिक दर्जाचा, ८० च्या वरचा राष्ट्रीय दर्जाचा, असा संकेत आहे. ढोबळ मानानें फी यांची ती सत्तरीची वेळ माप म्हणून धरली, तर ८०० मीटरला पुरीं तीन मिनिटें घेणाऱ्या सत्तर वर्षांच्या आजोबांना ७८ टक्के पडतात. त्यांचा पंचवीस वर्षांचा नातू तेंच अंतर सव्वादोन मिनिटांत धांवला, तर डेव्हिड रुडिशाच्या १ मिनिट ४०.९१ सेकंदांच्या विक्रमाशीं ताडून त्याला ७५ च मिळतात. पाऊण मिनिट मागून येऊन आजोबा नातवाला हरवितात! परीक्षेचे पेपर तपासण्यांत आयुष्य गेलेल्या मला ही पद्धति अर्थात् आवडते. तथापि टक्केवारी ही घरीं बसून करण्याची गोष्ट. शेवटच्या वळणावर ज्याच्या पावलांचा आवाज आपल्या खांद्यामागें येतो, त्याला टक्के विचारीत बसतां येत नाहीं.

या गटपद्धतीचा एक गमतीचा परिणाम असा, कीं जगांत बाकी सर्वांना नकोसा वाटणारा वाढदिवस या मंडळींना हवासा वाटतो. एकोणसाठ वर्षांचा धांवपटु आपल्या गटांत सर्वांत म्हातारा असतो. साठ पुरीं होतांच वरच्या गटांत तो सर्वांत कोंवळा ठरतो. पन्नाशींतले बळकट गडी मागें राहिले, आणि पुढें पांच वर्षें मैदान मोकळें, अशा आनंदांत तो साठीशांत करतो.

परंतु सर्वांनाच तो आनंद सारखा नसतो. या मैदानावर दोन प्रकारचीं माणसें भेटतात. पहिलीं, जीं तारुण्यांत नांवाजलेलीं होतीं. आयर्लंडचा इमन कॉग्लन घ्या. १९८३ सालीं तो ५००० मीटरचा जगज्जेता झाला, आणि त्याच वर्षीं बंदिस्त मैदानावर त्यानें एक मैल ३ मिनिटें ४९.७८ सेकंदांत धांवून विक्रम केला. पुढें २० फेब्रुवारी १९९४ रोजीं, एक्केचाळिसाव्या वर्षीं, हार्वर्ड विद्यापीठाच्या बंदिस्त मैदानावर त्यानें मैल ३ मिनिटें ५८.१५ सेकंदांत काढला. चाळिशीनंतर चार मिनिटांच्या आंत मैल धांवणारा तो पहिला मनुष्य. त्यानंतर इंग्लंडचा अँथनी व्हाइटमन २०१२ सालीं आणि अमेरिकेचा बर्नार्ड लागाट २०१५ सालीं, दोघेहि चाळिसाव्या वर्षीं, उघड्या मैदानावर ती मर्यादा ओलांडून गेले. अशा माणसांचा खरा प्रतिस्पर्धी दुसरा कोणी नसतो. दहा वर्षांपूर्वींचे ते स्वतःच असतात, आणि त्या प्रतिस्पर्ध्याला ते कधींच गांठूं शकत नाहींत. कित्येक जुने वीर हें सहन न होऊन मैदान कायमचें सोडतात. मला तें समजतें. जे सोडीत नाहींत आणि आठ सेकंद मागें पडूनहि पुन्हां रेषेवर उभे राहतात, त्यांच्याविषयीं अधिक आदर वाटतो, इतकेंच.

दुसरीं माणसें तीं, ज्यांनीं पन्नाशीपर्यंत बस गांठण्यापलीकडे कधीं धांवून पाहिलें नाहीं. तारुण्यांतील कीर्ति नाहीं, म्हणून तिची आठवणहि नाहीं. शिवाय अभ्यासानें मिळणारी वाढ कांहीं वर्षें वयामुळें होणाऱ्या घटीपेक्षां मोठी असते. त्यामुळें पंचावन्नाव्या वर्षीं सुरुवात केलेला मनुष्य अठ्ठावन्नाव्या वर्षीं अधिक वेगानें धांवतांना दिसतो. ज्या वयांत चष्म्याचा नंबर, रक्तदाब आणि औषधांचें बिल एवढेच आंकडे वाढत असतात, त्या वयांत एखादा आंकडा सुधारत आहे ही गोष्ट माणसाच्या मनाला केवढा आधार देते, हें अनुभवी माणसाकडूनच ऐकावें.

आतां वय जें काढून घेत नाहीं त्याकडे वळूं. तें म्हणजे अक्कल. मध्यम पल्ल्याच्या शर्यतींत तिला फार किंमत आहे. १५०० मीटरची सुरुवात अंतिम रेषेपासून ३०० मीटर अलीकडून होते. म्हणजे प्रथम पाऊण फेरा व मग तीन पुरे फेरे. समजा, एखाद्या साठीच्या गृहस्थाला साडेपांच मिनिटांत शर्यत पुरी करावयाची आहे. तर फेऱ्याला ८८ सेकंद पडतात. अंतिम रेषेवरून तो प्रथम जाईल तेव्हां घड्याळांत १ मिनिट ६ सेकंद असावेत. मग २ मिनिटें ३४, मग ४ मिनिटें २, आणि शेवटीं ५ मिनिटें ३०. नवखा मनुष्य पिस्तुलाच्या आवाजानें भारून पहिला पाऊण फेरा एका मिनिटांत काढतो. सहा सेकंद कमावले, अशा समजुतींत तो असतो. वास्तविक त्यानें उसनवारीचें खातें प्रारंभींच उघडलें, आणि त्याचें व्याज शेवटच्या दोन फेऱ्यांत मुद्दलाहून अधिक भरावें लागतें. तरुणाला ही चूक कधीं कधीं पचते, साठीच्या माणसाला ती पचत नाहीं. कारण मघां पाहिल्याप्रमाणें त्याचा पगारच आटलेला असतो. आमच्या शाळेच्या वार्षिक खेळांत घड्याळ धरण्याचें काम पुष्कळ वर्षें मजकडे असे. चौदा वर्षांच्या मुलांना हें सांगून उपयोग होत नाहीं, हें मी खात्रीनें सांगतों. पन्नाशीनंतर तें न सांगतां कळतें.

वळणांचेंहि असेंच आहे. धांवपट्टीवरील प्रत्येक पट्टी १.२२ मीटर रुंद असते. आंतली कड सोडून जो दुसऱ्या पट्टींतून वळण घेतो, त्याला त्या अर्धवर्तुळांत सुमारें ३.८ मीटर अधिक धांवावें लागतें. १५०० मीटरमध्यें सात वळणें येतात. सातहि वळणें बाहेरून घेतलीं तर जवळजवळ २७ मीटर फुकट गेले. आपल्या साडेपांच मिनिटांच्या गृहस्थाला त्यासाठीं सहा सेकंद मोजावे लागतील. म्हणजे अर्ल फी यांनीं पांच वर्षांच्या वाढत्या वयामुळें जेवढें गमावलें, तेवढें हा गृहस्थ एका दुपारीं भूमितीच्या अज्ञानामुळें गमावतो! म्हणून मुरलेला धांवपटु सरळ बाजूवर पुढें जातो, आणि वळण येण्यापूर्वीं आंत शिरतो किंवा पुढच्याच्या मागें गप्प राहतो.

स्त्रियांविषयीं बोलल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं. १९२८ सालीं ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्यें स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत प्रथम झाली. शर्यतीनंतर कांहीं जणी थकून गवतावर बसल्या, तर त्याचा वर्तमानपत्रांनीं केवढा गहजब केला! जणूं पुरुष कधीं थकून बसतच नाहींत. स्त्रीदेहाला हें झेपणारें नाहीं असा निवाडा झाला आणि ती शर्यत थेट १९६० पर्यंत ऑलिंपिकमधून हद्दपार झाली. १५०० मीटरला तर १९७२ साल उजाडावें लागलें. त्या निवाड्याला रशियाच्या एकातेरिना पोदकोपायेवा यांच्यासारखें उत्तर दुसरें नाहीं. १९९७ सालीं पॅरिस येथें भरलेल्या जागतिक बंदिस्त स्पर्धेंत त्यांनीं १५०० मीटरचें सुवर्णपदक मिळविलें. प्रौढांच्या गटांत नव्हे, खुल्या गटांत. वय वर्षें ४४. आपल्या देशांतील मान कौर यांनीं २०१७ सालीं न्यूझीलंडमध्यें ऑकलंड येथें १०१ व्या वर्षीं शंभर मीटर धांवून सुवर्णपदक घेतलें, हें आपल्यापैकीं बहुतेकांच्या स्मरणांत असेल. तो पल्ला आजच्या विषयाबाहेरचा आहे, पण 'आजींनीं आतां एका जागीं बसावें' असें म्हणणाऱ्या घरांत तें सांगण्यासारखें आहे. आमच्या मध्यमवर्गांत तर स्त्रीला पन्नाशीपर्यंत स्वतःच्या देहाकडे पाहावयास सवड नसते, आणि पन्नाशीनंतर परवानगी नसते.

आतां घरच्या माणसांना जी धास्ती वाटते तिच्याविषयीं. ती निराधार नाहीं. ज्याला श्रमांची संवय नाहीं त्यानें एकाएकीं जिवाच्या करारानें धांवणें हें हृदयाच्या दृष्टीनें धोक्याचें आहे, आणि चाळिशीनंतर हा धोका वाढतो. वर्षानुवर्षें फार कष्टाचे लांब पल्ले धांवणाऱ्यांत हृदयाची लय बिघडण्याचा एक विकार कांहींसा अधिक आढळतो, असेंहि डॉक्टर सांगतात. म्हणून प्रथम वैद्यकीय तपासणी. मग कांहीं महिने नुसतें भरभर चालणें. मग चालणें-धांवणें आलटून पालटून. आणि सहजपणें अर्धा तास सलग धांवतां येऊं लागल्यावरच वेगाचा विचार. छातींत दुखणें, भोंवळ, धांवतांना नेहमीपेक्षां वेगळा धाप लागणें, यांपैकीं कांहींहि झालें तर तेथेंच थांबून डॉक्टरांकडे जावें. पदक पुढच्या वर्षींहि मिळेल. वेगाचा सराव तरुण मंडळी एक दिवसाआड करतात. साठीच्या माणसानें दोन कठीण दिवसांमध्यें निदान दोन-तीन दिवस हलक्या धांवण्याचे वा विश्रांतीचे ठेवावे, कारण वृद्ध स्नायु काम विसरत नाहीं, पण थकवा लवकर सोडीत नाहीं. बैठका, टांचा उचलण्याचा व्यायाम आणि जिने चढणें यांनीं पोटरी व मांडी राखली जाते. आपल्या तालमींतील जुन्या मंडळींना हें कोणी इंग्रजी पुस्तकांतून शिकविलें नव्हतें.

आपल्याकडेहि प्रौढांच्या राज्य व राष्ट्रीय स्पर्धा भरतात. पुण्याजवळ बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठीं जें क्रीडासंकुल उभारलें गेलें, तेथील कृत्रिम धांवपट्टी अशा कामास उत्तम; मुंबईत प्रियदर्शिनी पार्कमध्येंहि तशी धांवपट्टी आहे. जवळपास अशी स्पर्धा असेल, तर एक वेळ नुसतें पाहावयास जावें. एकेका गटांत माणसें थोडीं असल्यामुळें पुष्कळदां दोन-तीन वयोगट एकत्र सोडतात. म्हणून जो सर्वांत पुढें आहे तोच जिंकत आहे असें समजूं नये. स्पर्धकाच्या पाठीवर त्याच्या वयोगटाचा आंकडा लावलेला असतो, तो वाचावा. पहिल्या फेऱ्यांत कोण सर्वांत शांत आहे तें हेरून ठेवावें. १५०० मीटरच्या शेवटून दुसऱ्या फेऱ्यावर विशेष लक्ष असावें. तेथें सुरुवातीचा उत्साह संपलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो, आणि बहुतेक शर्यतींचा निकाल तेथेंच लागतो. घंटा वाजली, कीं प्रेक्षक पहिल्या दोघांकडे पाहतात. त्या वेळीं नजर जरा मागें वळवावी. पाठीवर ७० चा आंकडा असलेला एखादा गृहस्थ सहाव्या-सातव्या जागेवर, आंतली कड न सोडतां, आखूड पण सारख्या पावलांनीं येत असेल. त्याच्या पाठीवर तोच आंकडा असलेला दुसरा कोणी दहा पावलें मागें आहे काय, तें पाहावें, आणि असल्यास शेवटच्या सरळ बाजूवर पोंचेपर्यंत जागेवरून उठूं नये.